पाठ ११ वा : तात्यांचा काळा गूळ

मंडळी, गूळ गोड असतो हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आपला गूळ चांगला आहे, हे दूरच्या गिऱ्हाइकाला कसे कळावे? आता फोनवर लहानसा व्हिडिओ करून पाठवता येतो. तो कसा करावा आणि करताना काय सांभाळावे, ते या पाठात पाहू.

कोल्हापूरकडे आमच्या गावी तात्यांचे गुऱ्हाळ आहे. गूळ पिवळा दिसावा म्हणून काहीजण रसात पांढरी पावडर घालतात. तात्या ती घालीत नाहीत. ते भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी काढतात. त्यांचा गूळ काळसर तांबूस होतो. बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव. तात्यांचा गूळ मागे पडे. ते म्हणत, "गुरुजी, खरं करावं आणि मार खावा, असं झालंय."

तात्यांची सून आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकली. एकदा ती म्हणाली, "मामंजी, आपण गुळाचा व्हिडिओ करू."

"फोटोवाल्याला पैसे कुठून देऊ?"

"फोटोवाला कशाला? घरात फोन आहे की."

फोनवर आता कृत्रिम बुद्धीची साधने मिळतात. त्यांना एआय म्हणतात. जेमिनी आणि चॅटजीपीटी ही त्यांतली दोन. त्यांना मराठी समजते. थोडे काम ती फुकट करतात. जास्त काम हवे तर पैसे पडतात. या यंत्राला असंख्य लेख आणि चित्रे दाखवून शिकवलेले असते. त्यावरून ते नवे वाक्य, नवे चित्र जुळवते. पण त्याने तुमचा गूळ पाहिलेला नाही. हे नीट ध्यानात ठेवा.

सुनेने यंत्राला सांगितले, "गुळाचं सुंदर चित्र काढ." चित्र आले. पितळेच्या ताटात सोन्यासारखा पिवळा गूळ! पोरे खूश झाली. तात्या मात्र बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, हा गूळ कुणाचा?"

सून गप्प झाली.

तात्या म्हणाले, "हे बघून कोणी गूळ मागवला आणि पेटीतून काळा निघाला, तर तो मला काय म्हणेल? पिवळाच दाखवायचा, तर इतकी वर्षं पावडर का नाही घातली?"

"चुकलं, मामंजी," असे म्हणून तिने ते चित्र पुसून टाकले. मग दोघांनी असे काम केले :

१. फोनचे भिंग मऊ फडक्याने पुसले. फोन उभा धरून विटेला टेकवला, म्हणजे चित्र हलत नाही. सकाळचा उजेड पाठीमागून घेतला.

२. चार तुकडे टिपले. चरकात जाणारा ऊस. काहिलीत उकळणारा रस. भेंडीचा रस घालून मळी काढणे. शेवटी तात्यांच्या हातात गुळाची ढेप. प्रत्येक तुकडा 7 सेकंदांचा. सगळा मिळून जवळजवळ अर्धा मिनिट.

३. सून फोनमध्ये बोलली, "आमचा गूळ काळसर आहे. त्यात पावडर नाही. भेंडीचा रस घालतो. पाच सोपी वाक्यं लिही." यंत्राने लगेच लिहिली. त्यात एक वाक्य होते, "या गुळाने सर्व रोग बरे होतात." हे तिने सांगितले नव्हते. यंत्राने आपल्या मनाने घातले. तिने ते खोडले. वाचता येत होते म्हणूनच तिला ते सापडले!

४. यंत्र आवाजही देते. पण तात्या स्वतःच बोलले. अर्ध्या मिनिटात साधारण 60 शब्द बसतात.

५. कॅनव्हा नावाच्या साधनात तुकडे जोडले. खाली मोठ्या अक्षरांत वजन, भाव आणि फोन नंबर लिहिला. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून अक्षरे हवीत.

काही दिवसांनी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. "काळा गूळ तोच ना? दोन ढेपा पाठवा." पुढच्या महिन्यात त्यांनीच पुन्हा मागवला. तात्या काही श्रीमंत झाले नाहीत. पण ज्या रंगामुळे गूळ मागे पडे, तोच रंग आता त्याची ओळख झाला.

एक सांगतो. सगळाच पिवळा गूळ वाईट नसतो. रंग उसाच्या जातीवर आणि जमिनीवरही असतो. म्हणून दुसऱ्याच्या मालाची निंदा करू नये. आपल्या मालाचे खरे तेवढे सांगावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक. फोनवर पैसे घेताना आपला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हटले, तर तो चोर समजावा.

यंत्राला कामाला लावा. पण मालाचे चित्र मालाचेच असू द्या.

शब्दांचे अर्थ
कृत्रिम : माणसाने बनवलेले
भिंग : फोनची काच, जिच्यातून चित्र येते
मळी : उकळत्या रसावर येणारी घाण

सांगा पाहू
१. तात्यांना पिवळ्या गुळाचे चित्र का नको होते?
२. सुनेने कोणते वाक्य खोडले? का?
३. तुमच्या घरच्या मालाचा व्हिडिओ करायचा, तर कोणते चार तुकडे टिपाल?