शेजारची दोन बेटे आणि एक साथ



या अहवालाच्या मागील पानांवर वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे तपशील आपण पाहिले असतील. त्या आकड्यांत एक गोष्ट मात्र कोठेच आढळणार नाही, ती म्हणजे जे आजार झालेच नाहीत त्यांची नोंद. ताळेबंदात तिच्यासाठी रकाना नसतो. रोगप्रतिबंधावर झालेला खर्च तेवढा खर्चाच्या बाजूस स्पष्ट दिसतो आणि ‘यातून निष्पन्न काय झाले?’ असा प्रश्न बैठकीत साहजिकच उपस्थित होतो. या प्रश्नाचा विचार करताना पॅसिफिक महासागरातील दोन शेजारी प्रदेशांचा इतिहास आम्हांस अत्यंत उद्बोधक वाटला. तो आपणांपुढे ठेवीत आहोत.

एकच समाज, दोन राजवटी

सामोआ हा दक्षिण पॅसिफिकमधील द्वीपसमूह. तेथील लोकांची भाषा एक, चालीरीती एक, नातीगोती एकमेकांत गुंतलेली. परंतु गेल्या शतकाच्या आरंभी या समूहाची राजकीय विभागणी झाली. पूर्वेकडील बेटे अमेरिकेच्या नौदलाच्या कारभाराखाली गेली. पश्चिमेकडील मोठी बेटे प्रथम जर्मनीकडे होती. १९१४ मध्ये ती न्यूझीलंडच्या ताब्यात आली. दोन्ही प्रदेशांच्या मुख्य बेटांमध्ये सागराचा जो पट्टा आहे, त्याची रुंदी शंभर किलोमीटरही भरत नाही.

१९१८ मध्ये जगभर इन्फ्लुएन्झाची महासाथ पसरली. आपल्या देशात तिने मुंबई बंदरातून प्रवेश केला आणि पुढे लक्षावधी बळी घेतले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ‘तालुने’ नावाची आगबोट न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदरातून निघाली. ऑकलंड शहरात त्या वेळी साथीचा जोर होता. वाटेत फिजी येथे या बोटीवर निर्बंध घालण्यात आले. ७ नोव्हेंबर रोजी ती पश्चिम सामोआच्या आपिया बंदरात पोहोचली, तेव्हा फिजीतील निर्बंधांची माहिती तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यास देण्यात आली नाही. बोटीवर आजारी माणसे होती. तरीही प्रवाशांना उतरण्याची परवानगी मिळाली.

पुढील काही आठवड्यांत पश्चिम सामोआतील सुमारे ३८,००० लोकसंख्येपैकी अंदाजे ८,५०० माणसे दगावली. म्हणजे दर पाच माणसांमागे एकाहून अधिक. कर्ती माणसेच अंथरुणास खिळल्यामुळे घरोघरी अन्न शिजविणारे आणि पाणी देणारे कोणी उरले नाही. प्रेते सामुदायिक खड्ड्यांत पुरावी लागली. गावोगावचे जाणते प्रमुख मोठ्या संख्येने गेले. त्यांच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेली परंपराही लोपली.

शेजारच्या अमेरिकन सामोआत मात्र या साथीने एकही मृत्यू झाला नाही.

फरक कशामुळे पडला?

हवामान, आहार, राहणी, शरीरप्रकृती यांपैकी कशातही दोहोंत अंतर नव्हते. त्या काळी या रोगावर लस नव्हती, गुणकारी औषधही नव्हते. त्यामुळे अमेरिकन सामोआकडे अधिक चांगले उपचार होते, असेही म्हणता येत नाही. फरक पडला तो निर्णयांमुळे.

अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन मार्टिन पॉयर यांच्या कानी बिनतारी संदेशांतून साथीची वार्ता आली. आपल्या दारी रोग येण्याची वाट न पाहता त्यांनी येणाऱ्या बोटींवर विलगीकरणाचे कडक बंधन घातले. परंतु बंदर बंद केल्याने काम भागणार नव्हते. शेजारच्या बेटांवरून नातलग लहान होड्यांतून कोठेही किनाऱ्यास लागू शकत होते. म्हणून स्थानिक सामोअन लोकांनीच किनाऱ्यावर पहारे ठेवले. आपल्याच आप्तांना परत पाठविणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते. तरीही बंधन पाळले गेले, आणि पुढील प्रशासकांनी ते १९२० पर्यंत चालविले.

पश्चिम सामोआचे प्रशासक कर्नल रॉबर्ट लोगन यांच्या कारभारात नेमके उलट घडले. शेजारून वैद्यकीय मदतीचा देकार आला असता तो स्वीकारला गेला नाही. ऑस्ट्रेलियाची मदतनौका डिसेंबरच्या आरंभी येऊन पोहोचली, तोवर साथीने आपले काम जवळजवळ उरकले होते. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआच्या जनतेची जाहीर क्षमा मागितली. तीत या बोटीचा उल्लेख होता.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. अमेरिकन सामोआची लोकसंख्या जेमतेम ८,००० होती आणि कारभार नौदलाचा होता. त्यामुळे तेथे बंदोबस्त तुलनेने सुलभ होता. आपल्यासारख्या खंडप्राय देशात तोच उपाय तसाच लागू पडेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वेळीच मिळालेली माहिती, ती पुढे देण्याचा प्रामाणिकपणा आणि तीनुसार वागण्याची तत्परता या तीन गोष्टींची गरज सर्वत्र सारखीच असते.

शंभर वर्षांनंतर

हा इतिहास येथेच संपत नाही. पश्चिम सामोआ १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९७ पासून ‘सामोआ’ या नावाने ओळखला जातो. २०१९ मध्ये तेथे गोवराची साथ आली, आणि तीही न्यूझीलंडहूनच. ५,७०० हून अधिक रुग्ण आढळले आणि ८३ जण मरण पावले. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील बालके होती. टोंगा, फिजी आणि अमेरिकन सामोआ या शेजाऱ्यांकडेही गोवर पोहोचला होता. पण तेथे कोणी दगावले नाही.

या वेळी फरक बंदरात पडला नव्हता. तो एका रुग्णालयातील टेबलावर, वर्षभर आधीच पडून गेला होता. जुलै २०१८ मध्ये लसीची भुकटी पातळ करताना परिचारिकांकडून पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे, मुदत संपलेले औषध वापरले गेले आणि दोन बालकांचा मृत्यू झाला. लसीत काहीही दोष नव्हता. तथापि शासनाने लसीकरण कित्येक महिने थांबविले आणि आई-वडिलांच्या मनातील विश्वास उडाला. मुळातच कमी असलेले लसीकरणाचे प्रमाण अंदाजे ३१ टक्क्यांपर्यंत घसरले. शेजारच्या देशांत ते उंच होते. विषाणू सर्वांच्या दारी आला, परंतु घरात शिरण्यास वाट मिळाली ती सामोआतच.

५ आणि ६ डिसेंबर २०१९ रोजी सामोआने सरकारी कामकाज बंद ठेवून घरोघरी लस टोचण्याची मोहीम राबविली. ज्या घरी लस द्यावयाची राहिली होती, त्या घरांनी दारापुढे तांबडे कापड लावले. महिनाअखेरीस लसीकरण ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले आणि साथ ओसरली. पुढे २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा दोन्ही सामोआंनी आपल्या सीमा तातडीने बंद केल्या. २०२२ मध्ये रोग तेथे पसरला खरा, परंतु तोपर्यंत मोठ्या प्रमाणावर लसीकरण होऊन गेले होते. दोन्हीकडील बळींची संख्या दोन अंकांपुढे गेली नाही. या वेळी दोन्ही शेजारी एकाच बाजूस उभे होते.

आमच्यापुरता बोध

आम्ही वैद्यकशास्त्राचे अभ्यासक नाही. हिशेब आणि व्यवस्था पाहणारे आहोत. म्हणून या इतिहासातून घ्यावयाचा बोधही व्यवस्थेपुरताच सांगतो.

बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी ताप-खोकल्याच्या रुग्णांची वेगळी विचारपूस होते, तेव्हा रांगेतील मंडळी उतावीळ होतात. अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच नातेवाइकास सोडले जाते, तेव्हा दूर गावाहून आलेल्या आप्तांना वाईट वाटते. त्यांचे वाईट वाटणे आम्हांस समजते. किनाऱ्यावर पहारा देणाऱ्यांनाही आपलीच माणसे परत पाठवावी लागली होती. मात्र बंधन घालताना त्याचे कारण समजावून सांगणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि त्यात आम्ही उणे पडलो असू तर ते अवश्य निदर्शनास आणावे.

दुसरा बोध अधिक गंभीर आहे. औषधांच्या कपाटात कुप्या वेगवेगळ्या ठेवणे, त्यांवरील चिठ्ठी दोघांनी वाचणे, मुदत संपलेला साठा त्या दिवशीच बाजूस काढणे, ही कामे अतिशय साधी आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येत नाही. परंतु रुग्णालयात झालेली चूक तेथेच थांबत नाही. ती लोकांच्या मनात जाऊन बसते आणि पुढच्या साथीत तिची किंमत वसूल होते. चूक घडलीच तर ती न लपविता सांगणे, आणि लसीत दोष नव्हता तर तेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे, हाच विश्वास टिकविण्याचा मार्ग आहे.

देणगीदारांनी दिलेल्या निधीचा काही भाग प्रतिवर्षी अशा न दिसणाऱ्या कामांकडे वळतो. त्याचे फलित काय, असे कोणी विचारल्यास आम्ही १९१८ च्या अमेरिकन सामोआतील मृत्यूंचा आकडा दाखवू. तो शून्य आहे.