मधला निरोप्या कसा निवडावा?



जमिनीतला ओलावा मोजून आकडा बिनतारी पाठवणारी यंत्रे आता मिळतात. यंत्र सरीत बसते आणि वस्तीवरच्या मुख्य यंत्राला निरोप देते. लावणीनंतर काही महिने सारे सुरळीत चालते. ऊस डोक्यावर गेला की निरोप गळू लागतात. यंत्र बिघडले असे वाटते, पण बहुधा तसे नसते. उसाच्या पाल्यात पाणी भरलेले असते, ते लहरी शोषते. निरोप गळला की पाण्याची पाळी चुकते, नाहीतर उगाच दिली जाते.

यावरचा उपाय आपल्या ओळखीचा, सहकाराचाच आहे. एकट्याचा आवाज पोचत नसेल तर मधल्याने ऐकावा नि पुढे सांगावा. अशा मधल्या यंत्राला 'रिले' म्हणतात. आपण त्याला निरोप्या म्हणू.

आता प्रश्न असा, की बांधावर असे तीन खांब असले तर काम कोणाला द्यायचे? फडाकडचे ऐकणे आणि वस्तीपर्यंत पोचवणे, या दोन्हींना दहापैकी गुण देऊन पाहू.

पहिला खांब : ऐकणे ९, पोचवणे २
दुसरा खांब : ऐकणे ६, पोचवणे ५
तिसरा खांब : ऐकणे ३, पोचवणे ८

बेरीज तिघांची ११च! मग कोणीही चालेल का? नाही. पाटाचे वरचे दार सताड उघडले, पण खालची नळी बारीक असली, तर शेतात पाणी नळीएवढेच येणार. म्हणून प्रत्येकाची कमजोर बाजू बघायची : २, ५ आणि ३. निवड दुसऱ्याची. फडाला सर्वात जवळचा तो उत्तम, हा समज इथे फसवतो.

ही निवड करायची कोणी? अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील ब्लेट्सास, खिस्ती, रीड व लिपमन यांनी २००६ साली सोपी रीत मांडली. प्रत्येक निरोप्या दोन्हीकडचे छोटे इशारे ऐकून आपली कुवत स्वतःच मोजतो. कुवत जितकी चांगली, तितका तो कमी थांबतो. ज्याची वेळ आधी संपते तो बोलतो, बाकीचे ऐकून गप्प बसतात. त्यांना एकमेकांचे ऐकू येत नसेल, तर 'निवड झाली' हे मुख्य यंत्र सर्वांना कळवते. मुकादम लागत नाही, यादीही लागत नाही.

यंत्रे घेताना आमच्या तीन सूचना :

१. निरोप्या कायमचा नेमलेला आहे की पुन्हा पुन्हा निवडला जातो, हे विक्रेत्याला विचारावे. ऊस वाढतो तसे गुण बदलतात.

२. खांबाची परीक्षा मोकळ्या रानात घेऊन भागणार नाही. ऊस उभा असताना पुन्हा घ्यावी.

३. बॅटरीकडे लक्ष असावे. एकाच बैलाच्या मानेवर रोज जू ठेवले तर तो बसणारच. चांगला निरोप्याही असाच आधी थकतो. गुण जवळपास सारखे असतील, तर बॅटरी जास्त भरलेल्याला काम द्यावे.

सर्वांचा भार एकावर टाकू नये आणि कमजोर दुवा आधी पाहावा, हे सभासदांना आम्ही वेगळे काय सांगावे?