मिठावरचा कर

कोल्हापूरहून बेळगावच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात कागल हे गाव येते. पूर्वी ती कोल्हापूर संस्थानातील एक जहागीर होती. तेथे कृष्णराव गोखले नावाचे एक सद्गृहस्थ नोकरी करीत असत. त्यांचा धाकटा मुलगा गोपाळ. त्याचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक ह्या खेड्यात झाला. पण त्याचे बालपण गेले कागलात आणि पुढचे शिक्षण झाले कोल्हापुरात.

१८७९ साली कृष्णराव वारले. तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरला भाऊ गोविंद ह्याने आपले शिक्षण सोडले व कागलच्या दरबारात दरमहा पंधरा रुपयांची चाकरी धरली. त्या पंधरांतून तो आठ रुपये कोल्हापुरास गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवी. उरलेल्या सात रुपयांत घरच्या मंडळींनी कसे दिवस काढले असतील, ह्याची कल्पनाच केलेली बरी. भावाच्या ह्या पैशांची गोपाळला पुरेपूर जाणीव होती. दिव्याचे तेल वाचावे म्हणून तो रस्त्यावरील कंदिलाखाली बसून अभ्यास करी, अशी आठवण त्याच्या चरित्रात सांगतात. १८८१ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला व पुढील वर्षी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला. हाच मुलगा पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हणून साऱ्या देशास माहीत झाला.

पदवी मिळाल्यावर गोखल्यांनी पुण्यास शिक्षकाचा पेशा पत्करला. फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू. सरकारी अहवालांतील आकड्यांचे जंगल कसे तुडवावे, हे त्यांनी रानड्यांपाशी वर्षानुवर्षे बसून शिकून घेतले. तरीही एकदा त्यांच्याकडून चूक घडली. १८९७ साली ते विलायतेत असता, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या गोऱ्या सैनिकांनी लोकांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. ते परत आले तेव्हा आरोप सिद्ध करण्यास पुरावा हाती येईना. लोकांचे हाल झाले होते हे खरे. परंतु गोखल्यांनी जे विशिष्ट आरोप केले होते, ते शाबीत करता येत नव्हते. त्यांनी सरकारची जाहीर माफी मागितली. पुष्कळ स्वकीय त्यामुळे त्यांच्यावर रागावले. हा घाव त्यांच्या मनात फार दिवस राहिला. ह्यानंतर पुरावा हाती असल्यावाचून सरकारविरुद्ध बोलावयाचे नाही, असा त्यांचा बाणा झाला.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि १९०१ च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलावर त्यांची निवड झाली. ही सभा कलकत्त्यास भरत असे. तिला आजच्या लोकसभेसारखी समजणे मोठी चूक होईल. सरकारी अधिकाऱ्यांचेच तेथे बहुमत असे. अध्यक्षस्थानी खुद्द व्हाइसरॉय बसत. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर भाषण करण्याची आणि आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारण्याची परवानगी होती, एवढेच. अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. प्रश्नाला अपुरे उत्तर मिळाले तर त्यावर पुरवणी प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती. म्हणजे बोलावे, आणि खाली बसावे!

२६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर बोलण्यासाठी गोखले उभे राहिले. त्यांचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन होते. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते आणि ही शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण आहे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. गोखल्यांनी नेमक्या ह्याच म्हणण्याला हात घातला.

त्यांचा मुद्दा समजण्यास थोडे मागे जावे लागेल. हिंदुस्थान सरकारास दरवर्षी मोठी रक्कम इंग्लंडला पाठवावी लागे आणि ती पौंडांत द्यावी लागे. चांदी स्वस्त होऊन रुपयाची किंमत घसरू लागली, तसे तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये मोजावे लागले. ही तूट भरून काढण्याकरिता सरकारने कर वाढविले. १८८८ साली मिठावरील कर मणास दोन रुपयांचा अडीच रुपये झाला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडणे बंद झाले व हळूहळू रुपयाची किंमत चढली. इंग्लंडला पाठवावयाच्या रकमेत सरकारचे कोट्यवधी रुपये वाचू लागले. पण ज्या अडचणीसाठी कर वाढविले होते ती अडचण संपली तरी वाढविलेले कर मात्र कायमच राहिले. तेव्हा ही शिल्लक भरभराटीची नव्हे, लोकांकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची आहे, असे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. आणि हे कोणत्या काळात? १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ नुकतेच देशावरून गेले होते. गुरे मेली होती, माणसे मेली होती. अशा वेळी तिजोरी भरलेली आणि चूल रिकामी, हा देखावा त्यांना असह्य वाटला.

सर्वांत अधिक ते बोलले मिठाविषयी. श्रीमंताला जेवढे मीठ लागते तेवढेच गरिबाला लागते. किंबहुना भाकरीबरोबर कालवण नसले म्हणजे गरिबाला मिठाचाच आधार. त्यामुळे हा कर लक्षाधीशाला जाणवतही नाही आणि मजुराच्या मात्र तोंडचा घास महाग करतो. आरोग्यासाठी माणसाला वर्षाकाठी वीस पौंड मीठ हवे, असे वैद्यकशास्त्राचे त्या वेळचे मत होते. येथे प्रत्यक्ष खप त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. कर कमी करा, खप वाढेल, लोकांचे आरोग्य सुधारेल व सरकारचेही फारसे नुकसान होणार नाही, हे त्यांचे मागणे होते. भाषणात आवेश होता. आदळआपट मात्र नव्हती. ह्या भाषणामागील आकडे जमविण्यात सोलापूरकडील गणेश व्यंकटेश जोशी ह्या व्यासंगी शिक्षकाचा मोठा हातभार होता. अशा सहायकांची नावे सहसा मागे पडतात.

त्या वर्षी मिठाचा कर तसाच राहिला. परंतु गोखले दर वर्षी उभे राहत, नवे आकडे मांडीत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारीत. १९०३ साली कर अडीचाचा दोन रुपये झाला, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया. हजार रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरील प्राप्तिकरही १९०३ मध्ये माफ झाला. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळेच झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र ज्या सभेत मत देण्याचाही अधिकार नव्हता, तेथे सरकारला दर वर्षी उत्तर देणे भाग पडले, ही गोष्ट लहान नव्हे.

१९०९ च्या सुधारणांनी सभेची सभासदसंख्या वाढली. मूळ प्रश्न विचारणाऱ्यास पुरवणी प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला आणि ठराव मांडण्याचीही सोय झाली. गोखल्यांनी तिचा लगेच उपयोग केला. दक्षिण आफ्रिकेतील नाताळमध्ये हिंदी मजूर करारावर पाठविले जात. ती प्रथा थांबवावी असा त्यांचा फेब्रुवारी १९१० मधील ठराव सरकारने मान्य केला. आज लोकसभेत सामान्यतः कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यास उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पुरवणी प्रश्नही विचारता येतात. कोल्हापूरचा खासदार पंचगंगेच्या पुराविषयी वा रेल्वेविषयी प्रश्न विचारतो, त्या वेळी जो हक्क तो सहज वापरतो, त्याचा आरंभ असा तुकड्यातुकड्यांनी झालेला आहे.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याची मुभा नगरपालिका व लोकल बोर्डांना द्यावी आणि ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी आहे त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये, अशी त्याची योजना होती. पंधरा रुपयांच्या चाकरीतून आलेल्या आठ रुपयांवर जो शिकला, त्याला फीचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता. १९ मार्च १९१२ रोजी मते घेण्यात आली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. विधेयक पडले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यास वारले. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला.