सीट सपाट हवी की उतरती?

प्रश्न : मी शहागडहून धुळे-सोलापूर महामार्गाने गेवराईकडे रोड सायकल चालवतो. तासाभरात जांघेत मुंग्या येतात. सीटचं टोक खाली केलं, तर तळहात दुखू लागले. काय करावं?
– एक वाचक, शहागड

उत्तर : दोन्ही त्रासांचं मूळ सीटच्या कोनात दिसतं. टोक वर असलं की जांघेतल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात; फार खाली असलं की शरीर पुढे घसरतं आणि ते थोपवताना सगळा भार हातांवर येतो.

आधी सायकल सपाट फरशीवर उभी करा. सीटवर लांबीच्या दिशेने सरळ फळी ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवा. सीटखालचा बोल्ट ॲलन कीने सैल करून सीट समतल करा, बोल्ट पक्का आवळा. याच स्थितीत दोन-तीन फेऱ्या मारा. मुंग्या येतच राहिल्या, तर टोक एका वेळी अर्धा अंशच खाली घ्या. बहुतेकांना एक ते तीन अंशांत आराम मिळतो. घसरल्यासारखं वाटलं, तर एक पायरी मागे या.

उंचीही तपासा. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पेडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ व्हायला हवा. सीट जास्त उंच असेल, तर कोन बदलूनही दाब हटणार नाही. महामार्गावर अधूनमधून सीटवरून उठून पेडल मारा, म्हणजे रक्तप्रवाह मोकळा राहतो.

एवढं करूनही बधिरपणा टिकला, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हे दुखणं अंगावर काढू नका.