सामूहिक व्यायामवर्ग : फायदे, तोटे आणि हिशेब

न्यू जर्सीत डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. ऑफिसातून घरी पोहोचेपर्यंत फिरायला जाण्याचा उत्साह थंडीने पार गारठलेला असतो. अशा वेळी व्यायामवर्गांच्या जाहिराती हटकून येतात : झुंबा, स्पिनिंग, योग, बॉलिवूड डान्स, बूट कँप. आपल्या मंडळातली बरीच मंडळी मोठ्या उत्साहाने नाव घालतात, आणि मार्च उजाडेपर्यंत निम्मी गळतात. फी मात्र खात्यातून कापली जातच राहते.

मी डॉक्टर नाही. दिवसाचे नऊ तास संगणकासमोर बसणारा इंजिनिअर आहे. गेली तीन वर्षे मी आणि सौ. निरनिराळ्या वर्गांना जात आहोत. त्या अनुभवाला थोड्या वाचनाची जोड देऊन हा जमाखर्च मांडला आहे.

व्यायाम हवाच, पण किती?

हृदयविकार आणि मधुमेह आपल्या लोकांना लवकर गाठतात. अमेरिकेतील कोलेस्टेरॉलविषयक २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दक्षिण आशियाई वंश हाच धोका वाढवणारा एक घटक म्हणून नोंदला आहे. मधुमेहाची तपासणी सुचवताना अमेरिकन डायबिटीस असोसिएशन इतरांसाठी बीएमआयची मर्यादा २५ धरते, आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाचा बीएमआय १४७ पौंडांनाच २३ होतो. म्हणजे आरशात सडपातळ दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम किंवा ७५ मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, अशी अमेरिकन सरकारची शिफारस आहे. कोणताही वर्ग ह्याच मापाने मोजावा.

जमेची बाजू

१. नियमितपणा. हा सर्वांत मोठा फायदा. मंगळवारी साडेसहाला वर्ग आहे म्हटले की निघावेच लागते. शेजारच्या चटईवरची मैत्रीण "काल का नाही आलीस?" असे विचारते, त्या प्रश्नात मोठी ताकद असते.

२. संगतीचा परिणाम. ओटो क्योलर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात नौकानयन करणाऱ्यांवर प्रयोग केले. दोघांनी मिळून वजन उचलायचे. एक थकला की दोघांचे काम थांबणार. अशा वेळी दोघांतला कमजोर गडी एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकला. मात्र दोघांच्या ताकदीत फार तफावत असली की हा परिणाम ओसरे. तेव्हा आपल्यापेक्षा थोडेसेच पुढे असलेल्यांचा वर्ग निवडावा.

३. योग्य पद्धत. पाठ कशी ठेवावी, गुडघा कुठवर वाकवावा, हे समोर उभा राहून कोणी दाखवले की लवकर समजते.

४. माणसे भेटतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना इथे गाडी चालवता येत नाही, दिवस खायला उठतो. त्यांना खुर्चीवरील योगाचा वर्ग व्यायामाइतकाच गप्पांसाठी उपयोगी पडतो.

खर्चाची बाजू

१. सर्वांना एकच वेग. पंचवीस जणांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाचा गुडघा, कंबर आणि रक्तदाब ठाऊक नसतो. सवय नसताना पहिल्याच स्पिनिंगच्या वर्गात इतरांची बरोबरी करायला गेल्याने स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्नायू सुजून असह्य दुखू लागले किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर तडक इमर्जन्सीत जावे.

आईबाबांच्या बाबतीत जास्त जपावे. व्हिजिटर विम्यात जुन्या आजारांवर बहुधा मर्यादा असतात. बीटा ब्लॉकर गोळ्या नाडीचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे भिंतीवरचे नाडीचे तक्ते त्या घेणाऱ्यांना लागू पडत नाहीत. त्यापेक्षा साधी खूण बरी : बोलता येते पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम.

२. एकांगीपणा. सौ. आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटे झुंब्याला जाते. झाली १३५ मिनिटे. उरलेली १५ चालून भरतात. पण ताकदीच्या व्यायामाचे दोन दिवस शून्यच राहतात! त्यासाठी घरी डंबेल्स आणून वेगळा वेळ काढावा लागला.

३. आवाज. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजाला आठ तास, अशी निऑश ह्या अमेरिकन संस्थेची मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर स्पीकरपासून दूर उभे राहावे.

डॉलरचा हिशेब

देलाविन्या आणि मालमेंडियर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेल्थ क्लबांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिना ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळाच जात. दर खेपेला १७ डॉलरहून जास्त पडत, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर १० डॉलर पडले असते!

तेव्हा भागाकार करावा. समजा फी ९० डॉलर आहे. महिन्यात १२ वेळा गेलात तर खेपेला साडेसात डॉलर, चारच वेळा गेलात तर साडेबावीस. भागताना "जाणार आहे" तो आकडा घेऊ नये, "गेलो" तो घ्यावा.

सर्वसाधारण तंदुरुस्तीसाठी भरलेली फी आयआरएस वैद्यकीय खर्च मानत नाही, म्हणून ती एचएसए किंवा एफएसए मधून भरता येत नाही. निदान झालेल्या विशिष्ट आजारावर उपचार म्हणून वर्ग असेल तर नियम वेगळा आहे. आपल्या अकाउंटंटला विचारावे. काही विमा कंपन्या आणि कंपन्यांच्या वेलनेस योजना फीचा काही भाग परत देतात. वायएमसीएमध्ये उत्पन्नानुसार सवलतीसाठी अर्ज करता येतो.

नाव घालण्यापूर्वी विचारा

* एक वर्ग फुकट किंवा एकाच दिवसाची फी भरून करता येईल का?
* शिक्षकाकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र आणि सीपीआरचे प्रशिक्षण आहे का?
* प्रत्येक हालचालीचा सोपा प्रकार दाखवतात का?
* करार किती महिन्यांचा आहे, आणि रद्द करायचा तर किती दिवस आधी कळवायचे?
* भारतात जाताना सभासदत्व तात्पुरते थांबवता येते का?

माझ्यापुरता निष्कर्ष असा : ज्याला एकट्याने व्यायाम टिकवता येत नाही, त्याला वर्गाची फी महाग नाही. ज्याला टिकवता येतो, त्याने पद्धत शिकण्यापुरता दहा खेपांचा पास घ्यावा आणि पुढे घरी चालू ठेवावे. मधुमेह, हृदयविकार किंवा सांधेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पहिले दोन आठवडे वर्गातल्या शेवटच्या रांगेत उभे राहून आपल्याच वेगाने करावे, दमल्यावर खुशाल थांबावे. आणि वर्षभराची फी एकदम भरण्याआधी तीन महिने कॅलेंडरवर हजेरी मांडून पाहावी.