आधी मापा, मग कापा

भाजलेली कोंबडी वरून सोनेरी दिसली म्हणजे ती आतून शिजली, असं मानू नका. हे मी ठासून सांगते, कारण या समजुतीची झळ आमच्या घराला बसली आहे.

एका नातेवाइकांकडे रविवारच्या जेवणाला लसूण आणि रोझमेरी लावून अख्खी कोंबडी भाजली होती. रंग सुरेख, वास घरभर. माझ्या मुलाने तंगडी मागून घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर हाडाजवळचं मांस लिबलिबीत निघालं. पुढे त्याच आठवड्यात ताप, पोटात मुरडा, जुलाब आणि शेवटी सलाइन. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो बहुधा २ ते ५ दिवसांनी त्रास देतो. त्यामुळे लोक आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला दोष देतात आणि कोंबडी विसरून जातात.

स्वयंपाकात हयगय झाली नव्हती. कृतीत दिलेला वेळ काटेकोर पाळला होता. पण कोंबडी फ्रीजरमधली होती आणि आतून पुरती सुटलेली नव्हती. शिवाय छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, त्यामुळे कातडी लवकर लाल होते आणि मांडीचा सांधा मागे राहतो. छाती सुकते, मांडी कच्ची राहते, ते यामुळेच.

म्हणून सुरुवात दुकानापासून करा. भाजायला एक-सव्वा किलोची ब्रॉयलर घ्या. गावठी कोंबडी रश्श्यातच शोभते, ओव्हनमध्ये चिवट होते. आपल्याकडे सांगितलं नाही तर कातडी सोलून देतात, म्हणून ‘कातडीसकट, अख्खी’ असं आधीच सांगा. पाठीचा कणाही कापून घ्या. मग कोंबडी ट्रेमध्ये पालथी उघडून सपाट दाबता येते आणि छाती-मांडी जवळजवळ बरोबरीने शिजतात. गोठवलेली असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात पूर्ण दिवस ठेवा; ओट्यावर सोडू नका.

हळद लावून नळाखाली धुण्याची आपली जुनी सवय आहे. पण धुण्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. कागदाने टिपून घ्या, किलोला दोन चहाचे चमचे मीठ चोळा आणि रात्रभर फ्रीजमध्ये उघडी ठेवा, कच्च्या भाज्यांच्या खाली. मीठ आत मुरतं, कातडी कोरडी होऊन कुरकुरीत भाजते.

बारीक चिरलेला लसूण कातडीवर लावला तर करपून कडू होतो. सहा-सात पाकळ्या ठेचून ५० ग्रॅम लोण्यात कालवा, त्यात रोझमेरी, थाइम आणि मिरपूड घाला आणि हे लोणी बोटांनी कातडीच्या आत सारा. वाळलेली पानं ताज्याच्या तिसऱ्या हिश्शाने पुरतात. थाइम मिळाला नाही तर कुंडीतला पानओवा बारीक चिरून थोडाच घाला, वास बराच जवळचा येतो. उरलेल्या पाकळ्या सालासकट कोंबडीखाली ठेवा, त्या गोडसर आणि मऊ होतात.

लसूण तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवण्याची फॅशन मात्र घातक आहे. लसणाबरोबर मातीतले बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू येऊ शकतात आणि तेलाखाली हवा नसल्याने ते तिथे वाढून विष तयार करतात. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटच्या अशा लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. लसणाचं तेल लागेल तेवढंच, त्याच दिवशी करा.

ओव्हन २०० अंशांवर आधी तापवा, ट्रे खालच्या खणात ठेवा. सपाट कोंबडीला साधारण ४५ मिनिटं लागतात. कातडी आधीच लाल झाली तर वर फॉइल झाका. घड्याळ फक्त अंदाज देतं, निर्णय थर्मामीटरवर सोडा. त्याची सुई मांडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट दिसलं की कोंबडी झाली. छातीही तशीच तपासा. रंगावर विसंबू नका. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज पाझरून पुरतं शिजलेलं मांससुद्धा गुलाबी दिसू शकतं, आणि पांढरं दिसणारं मांस कच्चं असू शकतं. मग दहा मिनिटं थांबून कापा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे.

असा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. ओव्हन घ्याल त्याच दिवशी तोही घ्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि घरातली वयस्कर माणसं यांना कच्च्या कोंबडीतून होणारा आजार जास्त जड जातो. त्यांच्या ताटातला घास नजरेच्या अंदाजावर सोडू नका.