रविवारची सायकल : दम कसा वाढतो

नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ साली सुमारे ४,८०० कि.मी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. असा दम एका रविवारात येत नाही.

म्हणून आम्ही सांगतो, पहिल्याच दिवशी जैनाथ गाठण्याचा हट्ट नको. प्रथम पाच कि.मी. पुरे, दर आठवड्याला अंतर थोडेच वाढवा. सायकल चालवताना बोलता आले पाहिजे. धाप लागली तर वेग कमी करा. स्नायू विश्रांतीत बळकट होतात, म्हणून सोमवारी आराम. आदिलाबादचे ऊन कडक; उजाडताच निघा, पाणी व हेल्मेट हवेच.

पालकांना विनंती : महामार्ग ४४ वर मुलांना एकटे पाठवू नये.